पटाची मोटार कशी निवडावी?



वाशीमहून पुसदकडे जातांना वाटेंत अनसिंग नांवाचें आमचें गांव लागतें. कापूस, तूर, सोयाबीन हीं आमचीं पिकें. आणि तीं घरांत आलीं, कीं आमच्या मुलखांत पटाचे दिवस येतात. पट म्हणजे शंकरपट. पुण्याकडील श्रोत्यांना घाटांतला बैलगाडा ठाऊक असेल. आमचा पट त्याचाच वऱ्हाडी भाऊ. सरळ आखलेली वाट, एका टोकाला हलक्या गाडीला जुंपलेली जोडी, दुसऱ्या टोकाला घड्याळ. वळण नाहीं, फेरी नाहीं. जोडी सुटली, कीं कांहीं सेकंदांत निकाल. वर्षभर चारलेल्या खुराकाचा आणि धुरकऱ्याच्या कसबाचा हिशेब तेवढ्या सेकंदांत चुकता होतो. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ह्या शर्यती बंद पडल्या. २०२१ च्या डिसेंबरांत अटी घालून त्यांना पुन्हां मोकळीक मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत पटाची जोडी बाळगणाऱ्यांचें काय झालें, हा निराळ्या भाषणाचा विषय आहे.

आज मी बोलणार आहें तें मोटारीच्या पटाविषयीं. इंग्रजींत त्याला ड्रॅग-शर्यत म्हणतात. दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर धांवून जी आधीं पोंचेल ती जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुणांना हें वेड लागलें. सांता आना येथील विमानाच्या धांवपट्टीवर १९५० सालीं तिकीट लावून अशा शर्यती भरूं लागल्या, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स ह्या गृहस्थानें त्यांचे नियम करणारी राष्ट्रीय संस्था काढली. पोरांना सार्वजनिक रस्त्यावरून उचलून बंदिस्त पट्टीवर न्यावें, हा त्यामागचा एक मोठा हेतु होता. तो ध्यानांत असूं द्यावा. त्याचें पुढें काम पडणार आहे. १९६४ च्या सुमारास पाँटिअॅक कंपनीनें जी. टी. ओ. नांवाची गाडी विकायला काढली. मध्यम आकाराच्या संसारी गाडींत त्यांनीं ३८९ घनइंचांचें, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचें, आठ नळकांड्यांचें इंजिन बसविलें होतें. ह्या जातीला पुढें 'मसल कार' म्हणूं लागले. मराठींत तिला पिळदार मोटार म्हणावें. १९७३ च्या तेलटंचाईनें तो पीळ पुष्कळसा उतरविला.

आपल्याकडे त्या काळीं मोटार मिळणें हीच एक शर्यत होती. नांव नोंदवावें, पैसे भरावे, आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांपलीकडे निवडीला वाव नव्हता. पुढें १९८४ सालीं हिंदुस्थान मोटर्सनें कॉन्टेसा बाजारांत आणली आणि लांब बॉनेट व रुंद छाती पाहून लोकांनीं तिला आपली पिळदार मोटार ठरविलें. वास्तविक तिचा सांगाडा इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७० नंतरच्या एका गाडीचा, आणि पोटांत प्रारंभीं इंजिन अॅम्बेसेडरचें, दीड लिटरचें, जेमतेम ५० अश्वशक्तीचें! पैलवानाचा फेटा बांधलेला कारकूनच तो. पुढें इसुझूचें १.८ लिटरचें पेट्रोल इंजिन आलें, तें सुमारें ८८ अश्वशक्तीचें. तेव्हां कोठें फेट्याला डोकें शोभूं लागलें. २००२ सालीं ती गाडी बंद झाली.

हा विषय माझ्या घरांत शिरला तो भाच्यामुळें. मेहुणे वारल्यापासून त्यांची पांढरी कॉन्टेसा अनसिंगच्या घराच्या पडवींत उभी आहे. दर दसऱ्याला बहीण तिला हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते. एरवीं तिच्यावर ताडपत्री. एके दिवशीं भाचा म्हणाला, “मामा, बाबाची कॉन्टेसा पटाले घालतो.” बहिणीनें हातांतलें सूप खालीं ठेवलें, बोलली मात्र कांहीं नाहीं. मींहि हो म्हटलें नाहीं, नको म्हटलें नाहीं. कागद आणि पेन्सिल आणायला सांगितली. त्या कागदावर जें उतरलें तेंच आज आपणांपुढें ठेवतों. कारण शहरांतहि पुष्कळ बंगल्यांच्या आवारांत अशी एखादी जुनी गाडी उभी असते, आणि घरांत असा एखादा भाचा असतो.

पहिली गोष्ट गणिताची. पाव मैलाला किती वेळ लागेल हें काढण्याचा एक अनुभवसिद्ध आडाखा आहे. चालकासह गाडीचें वजन पौंडांत घ्यावें, त्याला अश्वशक्तीनें भागावें, येणाऱ्या आंकड्याचें घनमूळ काढावें, आणि त्याला ५.८ नें गुणावें. चाकांची पकड बरी असेल तर उत्तर सेकंदांत पुष्कळ अंशीं खरें येतें. कॉन्टेसा सुमारें बाराशें किलोंची. ७५ किलोंचा भाचा आंत बसला, आणि इंजिन ८८ अश्वशक्तीचें धरलें, तर उत्तर येतें १८.४ सेकंद. तीच गाडी जुन्या ५० अश्वशक्तीच्या इंजिनाची असली तर २२.२. आतां आपली कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिला पुढें पद्मिनी म्हणत, ती घ्या. चाळीसएक अश्वशक्ति, पण वजन नऊशें किलोंच्या आंतबाहेर. तिचें उत्तर २१.९. म्हणजे पहिल्या पिढीच्या पिळदार कॉन्टेसेला मुंबईची टॅक्सी बरोबरीनें गांठते! भाच्याचा चेहरा ह्या ठिकाणीं थोडा उतरला.

मग मीं त्याला आणखी दोन गाड्यांचे आंकडे मांडायला लावले. मारुतीची एस्टीम, १९९९ नंतरची, ८५ अश्वशक्तीची, वजन पावणेनऊशें किलो: १६.९ सेकंद. होंडाची पहिली सिटी, तिच्यांतहि व्हीटेक इंजिनाची, १०६ अश्वशक्ति, वजन सुमारें एक टन: १६.४ सेकंद. ह्या दोन्ही घरगुती गाड्या; कचेरींत जाणाऱ्या माणसानें इस्त्रीचा सदरा घालून चालवाव्या अशा. परंतु आपल्या देशांत धांवपट्टीवर जीं जुनीं वाहनें उतरतात, त्यांत ह्यांचा भरणा मोठा असतो, तो उगाच नव्हे.

ह्या आडाख्यांतलें घनमूळ हीच खरी मेख आहे. इंजिनाची शक्ति दुप्पट केली तरी वेळ निम्मी होत नाहीं. फक्त पंचमांशानें घटते. कॉन्टेसेची शक्ति ८८ वरून १७६ वर नेली, तर १८.४ सेकंदांचे साधारण १४.६ होतील. त्यासाठीं इंजिन बदलावें लागेल. इंजिन बदललें कीं गिअरपेटीला तो जोर सोसणार नाहीं. गिअरपेटी बदलली कीं मागचा आंस आणि डिफरन्शियल आ वासतील. आणि इतकें झाल्यावर जुन्या ब्रेकांवर विसंबून बसणें हा वेडेपणा होईल. उलट एस्टीममधून नुसतें शंभर किलो वजन काढलें, तर सहा दशांश सेकंद वांचतात. तोच लाभ इंजिनांतून काढायचा तर दहा अश्वशक्ति वाढवाव्या लागतील. मागचें आसन, जादा चाक, पायांखालचे गालिचे, डांबरासारखा चिकटविलेला आवाजरोधक थर, ध्वनिक्षेपकांचीं खोकीं, हें काढायला पाना आणि घाम पुरतो. पटाचा बैल आमच्याकडे कोणी फुगलेला घेत नाहीं. वखराला तो चालेल. पटाला चारदाती-सहादाती, सडपातळ, पहिल्या हिसक्याला तुटून पडणारा लागतो.

परंतु जाणता श्रोता येथें मला अडवील. तो म्हणेल, कॉन्टेसेचीं मागचीं चाकें फिरतात आणि एस्टीमचीं पुढचीं, ह्याचा विचार केला काय? आक्षेप बिनतोड आहे. गाडी जोरानें सुटली, कीं तिचा भार मागच्या चाकांवर सरकतो; एस. टी. सुटतांना उभे उतारू मागें रेलतात तसा. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पकड त्यामुळें वाढते, आणि पुढून ओढल्या जाणाऱ्या गाडीची नेमकी त्याच क्षणीं घटते. चाकें जागींच फिरतात, रबर जळतें आणि शेजारचा पुढें जातो. म्हणून शंभर-सव्वाशें अश्वशक्तीवर थांबायचें असेल तर पुढच्या चाकांची गाडी चांगल्या टायरांवर निभावून नेतां येते. त्याच्या पुष्कळ पलीकडे जाण्याची ज्याला ईर्षा आहे, आणि तेवढा पैसा आहे, त्यानें मागच्या चाकांच्या गाडीकडे वळावें. कॉन्टेसेचा एक गुण मला मान्य केलाच पाहिजे: तिच्या बॉनेटखालीं जागा ऐसपैस आहे. इंग्लंडमध्यें ह्याच सांगाड्यांत सहा नळकांड्यांचें ३.३ लिटरचें इंजिनहि बसविलेलें होतें. प्रीमिअर कंपनीची ११८ एन. ई. ही फियाट १२४ च्या सांगाड्याची गाडी मागच्या चाकांचीच आणि शिवाय वजनाला हलकी; पण तिचे सुटे भाग शोधतां शोधतां माणूस म्हातारा होईल.

आतां प्रत्यक्ष गाडी पाहायला जातांना काय पाहावें? बैलाचे दांत मोजतां येतात; मोटारीचा किलोमीटर-कांटा मात्र वाटेल तसा मागें फिरवितां येतो, म्हणून त्याकडे पाहूंच नये. पायांतल्या क्लच-ब्रेकच्या पट्ट्यांचें रबर किती झिजलें आहे तें पाहावें. आणि इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वीं पत्रा पाहावा. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. पण इंजिन उतरवून नवें करतां येतें. गंजलेल्या सांगाड्याचें तसें नाहीं. एक लहानसें लोहचुंबक पातळ कापडांत गुंडाळून खिशांत न्यावें. दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याची जागा, ह्यांवरून तें फिरवावें. जेथें तें चिकटेनासें होईल तेथें रंगाखालीं पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. पायांखालचा गालिचा उचलून हात लावावा. ओल लागली तर तळ कुजत आहे. हें मी एवढें लांबवितों त्याला कारण आहे. शर्यतीच्या गाडींत चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात, आणि आसनाचे पट्टे त्या सांगाड्यालाच आंवळतात. तळ कुजका असेल तर तो पिंजरा चालकाला वांचविण्याऐवजीं त्याच्यासह उखडून येईल.

पत्र्याकडून समाधान झालें कीं मग इंजिन. मिस्त्रीकडे दाबमापक असतो. प्रत्येक नळकांड्याचा दाब वेगवेगळा मोजून घ्यावा. आंकडा फार मोठा आला पाहिजे असें नाहीं, पण चारी आंकडे एकमेकांच्या जवळ हवेत. दहा टक्क्यांहून अधिक फरक मला चालत नाहीं. एक बैल तुफान आणि दुसरा थंडा अशी जोडी वांकडीच पळते. एखाद्या नळकांड्याचा दाब कमी आला तर त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. आंकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाहीं तर बहुधा झडपा नीट बसत नाहींत. दुसऱ्याचें काम पहिल्यापेक्षां हलकें असतें, म्हणून किंमत ठरवितांना ह्या एका चमच्याचा फार उपयोग होतो. निळा धूर, दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडणारा दांडा, हीं लक्षणें सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर मी वेळ घालवीत नाहीं.

पटाच्या गाडीचीं कागदपत्रें हा मात्र असा विभाग आहे, कीं ज्याकडे तरुण पाहतच नाहींत आणि वडील माणसें फार उशिरां पाहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे, कीं नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करूं नये. इंजिन बदलायचें तर आधीं परिवहन कार्यालयाची मान्यता. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते; मी सांगितलेल्या साऱ्या गाड्यांनीं ती मर्यादा ओलांडलेली आहे, म्हणून पुनर्नोंदणी झाली आहे काय हें आधीं पाहावें. विम्याच्या करारांतील बारीक अक्षरेंहि वाचावीं. संघटित शर्यत आणि वेगाची चांचणी हीं तेथें स्पष्ट शब्दांत वगळलेलीं असतात. तात्पर्य, जी गाडी एकदां पटासाठीं सोलली ती रस्त्यावर आणूं नये. दुसऱ्या वाहनावर चढवून शर्यतीला न्यावी आणि तशीच परत आणावी. हा खर्च हिशेबांत धरल्यावर पुष्कळांचा उत्साह आपोआप मावळतो.

आणि आतां पडवींतल्या गाडीविषयीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वारसा-वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें होऊन गेलीं असतील, आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर अशा दुचाकी-चारचाकी वाहनाला ह्या वर्गांत निराळा क्रमांक मिळूं शकतो. कॉन्टेसेच्या पहिल्या गाड्यांना तीं पन्नास वर्षें २०३४ सालीं भरतील. मेहुण्यांची गाडी १९९१ ची, तिला २०४१ पर्यंत थांबावें लागेल. आज तिचें बॉनेट कापलें, इंजिन उपटलें, मागचा आंस बदलला, तर ती वाट कायमची बंद झाली. बाजारांत मळकट एस्टीम मिळेल, ती बिघडली तर दुसरी मिळेल. बाबांच्या हाताचा ठसा असलेली कॉन्टेसा दुसरी मिळायची नाहीं. भाच्यानें बराच वेळ पेन्सिल चावली. बहिणीनें तेवढ्यांत एवढेंच विचारलें, “मंग हे पडवीतच राहीन ना?” तो “हो” म्हणाला.

राहिला प्रश्न जागेचा, आणि माझ्या मतें गाडी निवडण्याच्याहि आधीं तो सोडवायला हवा. १६.४ सेकंदांत पाव मैल तोडणारी गाडी शेवटच्या रेषेवर ताशीं सुमारें १३० किलोमीटर वेगानें पोंचते. त्या वेगांत चालकाला ब्रेकवर पाय नेण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यांत ३६ मीटर निघून जातात. मग चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असला तरी थांबायला आणखी ९०-१०० मीटर. म्हणून पाव मैलाच्या शर्यतीला पाव मैल पुरत नाहीं. पुढें तितकीच मोकळी, मनुष्यहीन जागा लागते. ती विमानाच्या धांवपट्टीवर मिळते. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धांतल्या धांवपट्टीवर अनेक वर्षें मोटारींच्या शर्यती झाल्या. महाराष्ट्रांत लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर ड्रॅग-शर्यती भरल्या आहेत. 'धांवपट्टी' ह्या शब्दांत आमचा पट दडला आहे असें म्हणण्याचा मोह मला आवरत नाहीं; व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनीं क्षमा करावी.

आमच्या वाशीम जिल्ह्यांतूनहि एक फार मोठी, फार सरळ पट्टी गेली आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला. मध्यरात्रीं त्यावर दृष्टि टाकली, कीं कोणाहि तरुणाच्या मनांत काय येतें हें मला ठाऊक आहे. परंतु त्या रस्त्यावर पुढें उभा राहिलेला मालमोटारवाला आपल्या टायरला हात लावून पाहत असतो. एखादी वऱ्हाडाची गाडी अंधारांत चालत असते. त्यांनीं कोणत्याहि शर्यतींत नांव घातलेलें नसतें. सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत लावणाऱ्याला त्याच कायद्याच्या १८९ व्या कलमानें कैद आणि दंड सांगितला आहे. कायदा नसता तरी मीं भाच्याला तेथें जाऊं दिलें नसतें. तेव्हां भारतीय मोटर-स्पोर्ट महासंघाची मान्यता असलेली शर्यत कोठें आणि केव्हां भरणार आहे हें आधीं शोधावें, तिचे नियम मागवावे, कोणत्या वर्गांत आपली गाडी बसेल तें पाहावें, आणि मग गाडी घ्यावी. वर्ग माहीत नसतां गाडी तयार करणारे लोक मीं पाहिले आहेत. एका लिटरच्या कांहीं अंशानें ते वरच्या वर्गांत ढकलले गेले आणि तेथें त्यांना धूळ खावी लागली.

खर्चाचा क्रम विचाराल, तर आधीं ब्रेक, मग टायर, मग चालकाचें शिरस्त्राण, पट्टे व पिंजरा, मग वजन उतरविणें, आणि सर्वांच्या शेवटीं इंजिन. पहिल्या दिवशीं तर इंजिनाला हात न लावतांच गाडी पट्टीवर न्यावी. तेथें सुरवातीच्या दिव्यांचा एक खांब असतो; पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, आणि आधींच सुटलात तर लाल. घड्याळ चालूं होतें तें हिरवा दिवा लागल्यावर नव्हे, तर आपलें चाक प्रकाशाची रेषा सोडून पुढें गेल्यावर. त्यामुळें कागदावरची वेळ उत्तम असूनहि माणूस शर्यत हरूं शकतो. तो नुसता उशिरां सुटलेला असतो. प्रत्येक फेरीनंतर मिळणारा हा कागद जपून ठेवावा. त्यावर पहिल्या साठ फुटांची वेळ निराळी छापलेली असते, आणि नवख्यानें प्रथम तीच वाचावी. तेथें एक दशांश सेकंद वांचला तर शेवटच्या रेषेवर त्याहून अधिक वांचतो. लोणावळ्याच्या उंचीवर हवा थोडी विरळ असते, म्हणून इंजिन तेथें पांचसात टक्के शक्ति गमावतें; समुद्रसपाटीला मोजलेल्या वेळेशीं ती वेळ ताडूं नये. भाच्यासाठीं मीं एक वही आंखून दिली आहे. एका रकान्यांत तारीख, दुसऱ्यांत हवेची उष्णता, तिसऱ्यांत टायरांतील दाब, चौथ्यांत साठ फुटांची वेळ, पांचव्यांत पूर्ण अंतराची. आणि दोन फेऱ्यांच्या मध्यें गाडींत एकच फेरफार करावा, दोन करूं नयेत, म्हणजे कोणत्या फेरफारानें वेळ घटली हें त्याला नेमकें कळेल.